प्युरिटन श्रद्धा, करणीचे आरोप आणि १६९२ साली सैल झालेली पुराव्याची अट

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही इतिहासाच्या एम.ए.साठी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीत १६९२ मध्ये चाललेल्या चेटकाच्या सेलम खटल्यांवर निबंध लिहीत आहात आणि तीन ठिकाणी अडला आहात. इतकी देवभीरू, लिहितीवाचती माणसे आपल्याच शेजारणींना चेटकिणी ठरवून फासावर कशी चढवू शकली? याला त्यांचा प्युरिटन धर्म (इंग्लंडमधून आलेला कडवा प्रोटेस्टंट पंथ) जबाबदार की जमीनजुमल्याची भांडणे? आणि बुरशी लागलेल्या धान्यामुळे मुलींना भास झाले, हा खुलासा कितपत धरायचा?

पहिल्या प्रश्नाची मांडणी थोडी बदलून घ्या. त्यांचा चेटकावर विश्वास का होता, यात कोडे काहीच नाही. त्या काळात कॅथलिक, ल्युथरन, अँग्लिकन, प्युरिटन सगळेच सैतान आणि चेटूक खरे मानत. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकादरम्यान चेटकाच्या आरोपावरून चाळीस ते पन्नास हजार माणसे मारली गेली आणि त्यांतली बहुसंख्य प्युरिटन नसलेल्या मुलखांत. खरे कोडे आकड्यांमध्ये आहे. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट आणि आसपासच्या इंग्रज वसाहतींत, चेटकासाठी पहिली फाशी १६४७ साली हार्टफर्डला ॲल्स यंग हिला झाली. १६६३ च्या जानेवारीनंतर पुढची पंचवीस वर्षे तिथे या गुन्ह्यासाठी एकही फाशी नाही. १६८८ मध्ये बॉस्टनला ग्लोव्हर नावाच्या आयरिश बाईला फाशी झाली. आणि मग १६९२ मध्ये १० जून ते २२ सप्टेंबर या साडेतीन महिन्यांत एकोणीस जणांना फाशी आणि एकाचा दगडांखाली चिरडून मृत्यू. संपूर्ण सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये चेटकापायी जेवढे बळी गेले, त्यांतले निम्म्याहून जास्त या एका उन्हाळ्यातले. श्रद्धा १६७२ सालीही तीच होती आणि १६९२ सालीही तीच. म्हणून निबंधाचा प्रश्न असा ठेवा: एरवी लगाम घालून धरलेली श्रद्धा त्या वर्षी मोकळी कशी सुटली?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. त्या वर्षी पुराव्याची अट सैल झाली. ती कोणी, कशी आणि कोणत्या धार्मिक तर्काने सैल केली हे दाखवले, तर धर्म की भांडण या वादातला बराचसा गुंता आपोआप सुटतो.

त्यासाठी प्युरिटन विचारातल्या तीन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे ईश्वरी योजना. जगात योगायोग नाही. गाय मेली, मूल आजारी पडले, वीज पडली, यातले काहीही देवाच्या इच्छेवाचून घडत नाही. सैतानसुद्धा देवाने परवानगी दिली तेवढेच करू शकतो. दुसरी गोष्ट पूर्वनियती. कोणाचा उद्धार होणार हे देवाने आधीच ठरवलेले आहे आणि ते खात्रीने कोणालाच कळत नाही. त्यामुळे रोज स्वतःचे मन तपासायचे: माझ्यात कृपेची खूण दिसते का, की मी आतून कुजलेलो आहे? चर्चचे पूर्ण सभासदत्व हवे असेल तर आपल्या अंतःकरणात झालेल्या पालटाचा वृत्तांत मंडळीपुढे सांगावा लागे. तिसरी गोष्ट करार. देवाशी करार, चर्चमधला परस्परांशी करार, गावाचा करार. १६३० पासून तिथे वसलेल्या या लोकांची सारी समाजरचना सही करून बांधून घेण्यावर उभी होती. म्हणूनच त्यांच्या कल्पनेतला सैतानही हातात पुस्तक घेऊन येतो आणि सही मागतो. सेलमच्या जबान्यांमध्ये ‘पुस्तकावर खूण केली का?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो तो यामुळे.

याच सैतानाच्या भीतीने त्यांनी शाळाही काढल्या. मॅसॅच्युसेट्सच्या १६४७ च्या कायद्याची सुरुवातच अशी आहे की माणसाला बायबलच्या ज्ञानापासून दूर ठेवणे हा सैतानाचा जुना डाव आहे. म्हणून पन्नास घरांच्या वस्तीने लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक ठेवावा आणि शंभर घरांच्या वस्तीने व्याकरणशाळा काढावी. शिकलेली माणसे असे कसे वागली, हे तुमचे आश्चर्य इथे थोडे कमी व्हावे. त्यांच्या लेखी शिक्षण आणि सैतानाशी झुंज ही एकच कामगिरी होती.

आता सगळ्यात महत्त्वाचा भेद. गावकऱ्यांना ज्याची भीती वाटे ती करणी: अमकी दारातून पुटपुटत गेली आणि माझी गाय दूध देईनाशी झाली, लोणी येईना, तान्हे मूल सुकत गेले. त्यांना हवा असे तो उपाय आणि करणाऱ्याला शिक्षा. धर्मोपदेशक आणि कायदा यांच्या लेखी गुन्हा वेगळा होता. १६४१ च्या मॅसॅच्युसेट्स कायद्यात चेटकीण म्हणजे पिशाच्चाशी संधान ठेवणारी व्यक्ती, आणि शिक्षा मृत्यू. आधार बायबलमधल्या निर्गम, लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांचा. म्हणजे कोर्टात सिद्ध करायचे ते सैतानाशी असलेले नाते. शेजारी मात्र साक्ष देणार ती मेलेल्या गायीची. या दोहोंमध्ये मोठी दरी होती आणि १६९२ पूर्वी बहुतेक आरोपी या दरीमुळेच वाचले. शिवाय त्याच १६४१ च्या कायद्यात मृत्युदंडासाठी दोन-तीन साक्षीदार किंवा तितक्याच तोलाचा पुरावा आवश्यक होता. सेलम सोडले तर न्यू इंग्लंडमधल्या चेटकाच्या खटल्यांपैकी साधारण चौथ्या भागातच दोष सिद्ध झाला.

लगाम प्रत्यक्षात कसा ओढला जाई याची दोन उदाहरणे निबंधात जरूर घ्या. कनेक्टिकटमधल्या वेदर्सफील्डच्या कॅथरिन हॅरिसनला १६६९ मध्ये ज्यूरीने दोषी धरले. मॅजिस्ट्रेट साशंक होते; त्यांनी धर्मोपदेशकांना विचारले. उत्तर आले की वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या घटना सांगून चालणार नाही, एकाच कृत्याला एकाहून अधिक साक्षीदार हवेत. पुढच्या वर्षी तिची सुटका झाली आणि तिला गाव सोडावे लागले. दुसरे उदाहरण न्यूबरीच्या एलिझाबेथ मोर्सचे. १६८० मध्ये बॉस्टनला तिला मृत्युदंड सुनावला गेला, पण गव्हर्नर सायमन ब्रॅडस्ट्रीट आणि मॅजिस्ट्रेट यांनी अंमलबजावणी रोखून धरली. लोकप्रतिनिधींनी तक्रार केली तरी ते बधले नाहीत आणि शेवटी ती घरी परतली. लक्षात घ्या, हे रोखणारे लोक कट्टर प्युरिटनच होते. सैतान खोटारड्यांचा बाप आहे, तेव्हा त्याच्याकडून आलेल्या माहितीवर माणसाचा जीव घ्यायचा नाही, हा त्यांचा युक्तिवादही धर्मातूनच आलेला. म्हणून ‘प्युरिटन धर्मामुळे हे घडले’ असे सरसकट विधान मी विद्यार्थ्यांच्या लेखनात खोडतो. आरोपाला भाषा धर्माने दिली, आणि आरोप अडवण्याचे साधनही त्यानेच दिले.

मग १६९२ मध्ये काय झाले? तीन गोष्टी एकत्र आल्या.

पहिली, सरकारच जागेवर नव्हते. वसाहतीची सनद १६८४ मध्ये रद्द झाली होती. इंग्लंडहून आलेल्या गव्हर्नर अँड्रॉसला लोकांनी १६८९ मध्ये हाकलले. नवी सनद १६९१ ची, आणि ती घेऊन नवा गव्हर्नर विल्यम फिप्स बॉस्टनला उतरला १४ मे १६९२ रोजी. तोवर फाशीचा खटला चालवण्याचा अधिकार कोणाकडे स्पष्टपणे नव्हता, पण अटक आणि चौकशी चालूच होती. त्यामुळे तुरुंग भरत गेले. एरवी पहिला खटला फसला की गावाचा जोर ओसरतो. इथे पहिला खटला होईपर्यंत डझनावारी माणसे आत होती.

दुसरी गोष्ट युद्ध. १६८८ पासून उत्तरेच्या सीमेवर फ्रेंच आणि त्यांच्या बाजूने लढणाऱ्या वाबानाकी या मूळनिवासी लोकांशी लढाई चालू होती. जानेवारी १६९२ मध्ये मेनमधले यॉर्क गाव उद्ध्वस्त झाले. आरोप करणाऱ्यांमधल्या मर्सी लुईससारख्या काही मुली त्या सीमेवरून आलेल्या, युद्धाने पोरक्या झालेल्या मोलकरणी होत्या. आणि चेटक्यांचा म्होरक्या म्हणून ज्याला फाशी झाली तो जॉर्ज बरोज हा मेनमधल्या वेल्सचा धर्मोपदेशक, त्याआधी सेलम गावाचाच.

तिसरी गोष्ट खुद्द सेलम गाव, म्हणजे आजचे डॅनव्हर्स. पाचशे-सहाशे वस्ती, कारभार सेलम शहराच्या हाताखाली, स्वतःचे चर्च १६८९ मध्ये कुठे मिळालेले. वीस वर्षांत चौथा धर्मोपदेशक आलेला, सॅम्युएल पॅरिस. त्याचा पगार, सरपण आणि राहत्या घराची मालकी यांवरून गाव दुभंगलेले. ऑक्टोबर १६९१ मध्ये निवडून आलेल्या नव्या समितीने त्याच्या पगारासाठी कर गोळा करायलाच नकार दिला. त्याच्याच घरात जानेवारीत नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि अकराएक वर्षांची नातलग ॲबिगेल विल्यम्स यांना झटके येऊ लागले. वैद्याने सांगितले, हे बाहेरचे आहे. २९ फेब्रुवारीला तीन वॉरंटे निघाली: पॅरिसच्या घरची गुलाम टिट्यूबा, दारोदार मागून खाणारी सेरा गुड आणि सेरा ऑस्बर्न. यांतल्या ऑस्बर्नचा पहिल्या नवऱ्याच्या मुलांच्या वाट्याच्या जमिनीवरून वाद होता.

इथवर पाहिले तर हे जुन्या पठडीतले प्रकरण आहे. संशयित बायकाही नेहमीच्याच: गरीब, वादातल्या, परक्या. १ मार्चच्या चौकशीत टिट्यूबाने कबुली दिली आणि दुसऱ्या दिवशी सैतानाच्या पुस्तकात नऊ खुणा पाहिल्याचे सांगितले. तिघी तर पकडलेल्या. मग बाकीचे कोण? शोध सुरू झाला. २७ मार्चला पॅरिसने ‘तुमच्यातलाच एक सैतान आहे’ या बायबलमधल्या वचनावर प्रवचन दिले. तोवर चर्चच्या सभासद असलेल्या मार्था कोरी आणि एकाहत्तर वर्षांच्या रेबेका नर्स यांनाही अटक झाली होती. ज्यांच्याकडे गाव आदराने पाही त्यांच्यावर आरोप टिकू शकतो हे दिसले, तेव्हा कोणीच सुरक्षित उरले नाही.

आता पुराव्याकडे या, कारण निबंधाचा कणा इथे आहे. मुली सांगत, अमकीचे छायारूप येऊन मला चिमटे काढते, गळा दाबते. ते रूप इतर कोणाला दिसत नसे. प्रश्न धर्मशास्त्रातला होता: निरपराध माणसाचे रूप घ्यायची परवानगी देव सैतानाला देईल का? देणार नाही असे मानले, तर रूप दिसणे हाच त्या माणसाने सैतानाला संमती दिल्याचा पुरावा ठरतो. देईल असे मानले, तर छायारूपाच्या साक्षीला काहीच किंमत उरत नाही. या खटल्यांसाठी फिप्सने नेमलेल्या विशेष न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन पहिल्या मताला चिकटून राहिला. तो हार्वर्डमध्ये धर्मशास्त्र शिकलेला होता. रीतसर वकिली शिकलेला त्या न्यायासनावर कोणीच नव्हता. आरोपींना वकील मिळत नसे.

याला अचूक उत्तर दिले ते एका आरोपी बाईने. २ मेच्या चौकशीत सुसॅना मार्टिन म्हणाली, ज्याने पुण्यात्म्या सॅम्युएलचे रूप घेतले तो कोणाचेही रूप घेऊ शकतो. बायबलमध्ये शौल राजा एन्दोरच्या चेटकिणीकडे जातो आणि मृत सॅम्युएल तिथे दिसतो, त्या कथेचा हा आधार. युक्तिवाद पक्का होता. तरी १९ जुलैला तिला फाशी झाली.

दोन साक्षीदारांच्या अटीचे काय झाले? यासाठी आरोपपत्रांच्या तारखा पाहा. ब्रिजेट बिशपच्या आरोपपत्रांत गुन्ह्याची तारीख आहे १९ एप्रिल १६९२, म्हणजे तिच्या चौकशीचाच दिवस. अनेक आरोपपत्रे अशीच आहेत. चौकशीच्या खोलीत आरोपीने नजर टाकली की मुली कोसळत, तिने मान वाकवली की त्यांच्या माना वाकत, आणि हे भरल्या सभेत मॅजिस्ट्रेट जॉन हॅथॉर्न आणि जोनाथन कॉर्विन यांच्यासमोर घडे. मग साक्षीदारांना तोटा कसला? करणी पूर्वी अंधारात होई आणि सिद्ध करता येत नसे. आता ती कोर्टातच ‘घडत’ होती. वर्षानुवर्षांच्या गायी-वासरांच्या तक्रारी त्याला जोड म्हणून येत. शेजाऱ्यांची करणी आणि धर्मोपदेशकांचा करार यांच्यातली दरी अशा रीतीने बुजली. स्पर्शाची परीक्षा यातलीच: झटक्यात असलेल्या मुलीला आरोपीने हात लावला आणि ती शांत झाली, तर विष परत गेले असे समजत. शेजारच्या अँडोव्हर गावात या परीक्षेने सेलम गावापेक्षाही जास्त माणसे अडकली.

दुसरा बिघाड कबुलीजबाबाचा. इंग्रजी परंपरेत स्वेच्छेने दिलेली कबुली हा सर्वांत भक्कम पुरावा. १६९२ मध्ये नियम उलटा फिरला: कबूल करणाऱ्याला पुढची नावे मिळवण्यासाठी जिवंत ठेवायचे, नाकारणाऱ्यावर खटला. पन्नासहून अधिक लोकांनी कबुली दिली आणि कबुलीवर ठाम राहिलेल्यांपैकी कोणालाही फाशी झाली नाही. सॅम्युएल वॉर्डवेलने ती मागे घेतली आणि तो फासावर गेला. जॉन प्रॉक्टरने जुलैमध्ये तुरुंगातून बॉस्टनच्या धर्मोपदेशकांना लिहिले की मार्था कॅरियरच्या मुलांना मान आणि टाचा एकत्र बांधून, नाकातून रक्त येण्याच्या बेतात असेपर्यंत ठेवून कबुली घेतली. पण सगळ्याच कबुल्या अशा छळातून आलेल्या नाहीत आणि इथे प्युरिटन मनाचा विचार करावाच लागतो. ज्या बाईला आयुष्यभर शिकवले आहे की आपले अंतःकरण पापी आहे, तिला चर्चचे वडीलधारे विचारतात, ‘सैतानाला कधीच मनातून होकार दिला नाहीस का?’ ती काय उत्तर देणार? रेबेका नर्सला तिच्यावर नाव आल्याचे सांगायला शेजारी गेले, तेव्हा ती म्हणाली की माझे कोणते पश्चात्ताप न झालेले पाप देवाला सापडले, म्हणून म्हातारपणी हे माझ्यावर आले? निर्दोष बाई पहिल्यांदा स्वतःचेच पाप शोधते. तरीही खोटी कबुली देऊन जीव वाचवणे म्हणजे देवासमोर खोटे बोलणे, म्हणून ती आणि इतर अठरा जण नाकारत फासावर गेले. त्यांचा नकारही त्याच श्रद्धेतून आला होता, हे लिहायला विसरू नका.

जमीन की धर्म, हा तुमचा दुसरा प्रश्न. याचे एकच उत्तर नाही. ते आरोपीगणिक बदलते आणि तसे लिहायला घाबरू नका. ऑस्बर्नच्या बाबतीत वारसाहक्काचा वाद दिसतो. सेरा गुडच्या बाबतीत भिकेची आणि शिव्याशापांची चीड. नर्स कुटुंबाच्या मागे पटनम कुटुंबाशी असलेले जमिनीच्या हद्दींचे तंटे आणि गावातले गटातटाचे राजकारण. बरोजच्या मागे सीमेवरचे युद्ध. मार्था कॅरियरवर १६९० मध्ये अँडोव्हरला देवीच्या रोगाची साथ आणल्याचा ठपका होता. ब्रिजेट बिशपवर १६८० मध्येही खटला झालेला होता. भांडणातून कोणाचे नाव येणार ते ठरे. त्या नावाचे पुढे काय होणार हे पुराव्याच्या नियमाने ठरे. भांडणे प्रत्येक गावात होती, पण प्रत्येक गावात फाशी झाली नाही. याच वर्षी कनेक्टिकटच्या फेअरफील्डला एका मोलकरणीच्या झटक्यांवरून खटले झाले, तिथे एलिझाबेथ क्लॉसन निर्दोष सुटली आणि मर्सी डिस्बरो हिची शिक्षा पुढे रद्द झाली. तुलनेसाठी यापेक्षा चांगले प्रकरण नाही.

बुरशीचा खुलासा मी धरत नाही. राय नावाच्या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट बुरशीने झटके आणि भास होतात हे खरे, आणि १९७६ मध्ये हा तर्क मांडला गेला. त्याच वर्षी त्याला सविस्तर उत्तरही दिले गेले. झटक्यांचा प्रकार सहसा अ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या लोकांत दिसतो. सेलमला गायी आणि समुद्र दोन्ही जवळ. एका घरात सगळे एकच पाव खात, पण त्रास एखाद-दुसरीलाच. आणि आरोपी आत आली की झटका, तिचा हात लागला की आराम, हे विषबाधेत होत नाही. शिवाय खटल्यांत साक्ष देणारे बहुतेक प्रौढ लोक दहा-वीस वर्षांपूर्वीच्या घटना सांगत होते. त्याला बुरशीचा काय संबंध?

आणखी काही चुका निबंधांत हमखास येतात. सेलममध्ये कोणालाही जाळले नाही. इंग्रजी कायद्यात चेटकाला फाशी होती. टिट्यूबाने मुलींना जंगलात जमवून आफ्रिकी जादू शिकवली, ही नंतरची कल्पना. कागदपत्रे तिला ‘इंडियन’ म्हणतात, आणि मुलींची लघवी पिठात मिसळून भाकरी करून कुत्र्याला खाऊ घालण्याचा तोडगा सुचवला होता तो मेरी सिब्ली या शेजारणीने, तोही जुना इंग्रजी. जाइल्स कोरीला चेटकाची शिक्षा झाली नाही; त्याने ज्यूरीपुढे खटला चालवून घ्यायला संमतीच दिली नाही, आणि ती मिळवण्यासाठी त्याच्या अंगावर दगड रचत गेले. तो १९ सप्टेंबरला मेला. मृतांचा आकडा वीसवर थांबवू नका. किमान पाच जण तुरुंगात मेले. तुरुंगाचा खर्च कैद्याच्याच माथी, आठवड्याला सुमारे अडीच शिलिंग. तो भरल्याशिवाय निर्दोष ठरलेलाही सुटत नसे. लिडिया डस्टिन निर्दोष सुटूनही मार्च १६९३ मध्ये तुरुंगातच मेली. सेरा गुडची चार-पाच वर्षांची मुलगी डॉरथी कित्येक महिने बेड्यांत होती.

हे थांबले तेही पुराव्याच्या प्रश्नावरच. जून १५ ला धर्मोपदेशकांनी छायारूपाबद्दल सावध केले होते, पण त्याच पत्राच्या शेवटी खटले जोमाने चालवा असेही लिहिले. न्यायाधीशांनी सोयीचा भाग घेतला. नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल पहिल्या खटल्यानंतर न्यायासनावरून बाजूला झाला. सप्टेंबरमध्ये मेरी ईस्टी या रेबेकाच्या बहिणीने अर्ज केला. माझ्या जिवासाठी मागत नाही, म्हणाली, पण आरोप करणाऱ्या मुलींना काही काळ एकमेकींपासून वेगळे ठेवा, त्यांची कसून चौकशी करा आणि कबुली देणाऱ्यांनाही तपासा. आजच्या तपास अधिकाऱ्याने जे पहिल्या दिवशी करावे तेच ती सांगत होती. तिला २२ सप्टेंबरला फाशी झाली. ऑक्टोबरमध्ये बॉस्टनचा धर्मोपदेशक इन्क्रीस मॅदर याने लिहिले की एका निरपराधाला शिक्षा होण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे. २९ ऑक्टोबरला फिप्सने न्यायालय बंद केले. जानेवारी १६९३ पासून नव्या न्यायालयात छायारूपाची साक्ष चालेना आणि लगेच निकाल पालटले: पन्नासेक प्रकरणांत फक्त तिघी दोषी, त्यांनाही फिप्सने वाचवले. न्यायाधीश बरेचसे तेच, गाव तेच, सैतानावरची श्रद्धाही तीच. माझ्या म्हणण्याला याहून थेट आधार नाही.

पश्चात्तापही प्युरिटन पद्धतीनेच झाला. १४ जानेवारी १६९७ च्या उपवासाच्या दिवशी न्यायाधीश सॅम्युएल सीवॉल चर्चमध्ये उभा राहिला आणि त्याने दोष स्वतःकडे घेतल्याचे पत्र वाचले गेले. बारा ज्यूरर्सनीही माफी मागितली. आरोप करणाऱ्या मुलींपैकी, १६९२ मध्ये बारा वर्षांच्या असलेल्या ॲन पटनमने १७०६ मध्ये माफी मागितली, आणि तिच्या म्हणण्यानुसार फसवले ते सैतानानेच. १७११ मध्ये बावीस जणांवरचा कलंक पुसून ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई मंजूर झाली. सगळी नावे मोकळी व्हायला मात्र २०२२ उजाडले. तेव्हा उरलेले शेवटचे नाव, एलिझाबेथ जॉन्सन ज्युनियर हिचे, कलंकातून मोकळे झाले. १६९३ मध्ये दोषी ठरलेल्या त्या तिघींपैकी ती एक.

आता कामाचे. मूळ कागद व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. सगळे वाचायच्या भानगडीत पडू नका. रेबेका नर्सची फाइल घ्या. क्रम असा ठेवा: वॉरंट, चौकशी, आरोपपत्र, जबान्या, आणि मग तिच्या बाजूने एकोणचाळीस शेजाऱ्यांनी सह्या केलेला अर्ज. प्रत्येक कागदावर चार गोष्टी टिपा: नुकसान काय सांगितले आहे, तक्रार कोणाची, साक्षीदाराने स्वतः काय पाहिले, आणि छायारूप वगळले तर काय उरते. चौकशीचे टिपण कोणी घेतले तेही पाहा. काही टिपणे खुद्द पॅरिसच्या हातची आहेत आणि तो तटस्थ नव्हता. ज्यूरीने आधी तिला निर्दोष म्हटले, मग स्टॉटनने तिच्या एका वाक्याकडे लक्ष वेधले. कबुली दिलेल्या एका बाईला ती ‘आमच्यातली’ म्हणाली होती, म्हणजे सहकैदी. ज्यूरीने अर्थ विचारला, तिला ऐकू कमी येई, ती गप्प राहिली, आणि निकाल फिरला. तारखा टिपताना एक काळजी घ्या: तेव्हा तिथे जुनी दिनदर्शिका होती आणि वर्ष २५ मार्चला बदले, त्यामुळे फेब्रुवारीच्या कागदांवर १६९१ किंवा १६९१/२ दिसेल, निबंधात १६९२ लिहा आणि तसे केल्याची तळटीप द्या. नंतर हीच चार टिपणे एलिझाबेथ मोर्सच्या १६८० च्या प्रकरणावर करा आणि दोन्ही शेजारी ठेवून लिहायला बसा.